अकरा रविवार

फाटकाची कडी वाजली तेव्हा दहाला पाच कमी होते. मी वाचत असलेला पेपर खाली ठेवला नाही. माझा जावई अजित आत आला, पायरीशी चपला काढल्या आणि तिथंच उभा राहिला.

"मामा, चंदनाला न्यायला आलोय."

"ताप आहे तिला," मी म्हटलं.

"किती आहे?"

"आहे. रात्रभर फणफणली होती. आत्ता कुठं डोळा लागलाय."

तो आतल्या दाराकडं बघत राहिला. इचलकरंजीहून सकाळच्या एसटीनं आला होता. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री. "नुसतं बघून जातो. उठवत नाही," तो म्हणाला.

"झोपू दे की पोरीला."

"मागल्या खेपेला पण तापच होता, मामा."

"लहान पोर आहे. ताप काय विचारून येतो?"

त्यानं हातातली कागदाची पुडी कट्ट्यावर ठेवली. "बाहुलीला कपडे शिवायला तुकडे हवे होते तिला. कारखान्यातनं आणलेत. उठली की द्या." मग चपला घालून निघून गेला. लगेच बसस्टँडवर गेला नाही. समोरच्या पिठाच्या गिरणीपाशी जवळजवळ तासभर उभा होता. मला खिडकीतनं दिसत होतं.

तो ऑगस्टचा पहिला रविवार होता. चंदनाला ताप नव्हता.

मी दिवाणी कोर्टात बेलिफ होतो. एकतीस वर्षं. समन्स बजावायचं, जप्तीला जायचं, कब्जा द्यायचा, हेच काम. कोर्टाचा कागद दारात आला की माणसं काय काय करतात ते माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल. मालक गावाला गेलेत, बाई आजारी आहेत, या नावाचं इथं कुणी राहत नाही. एकदा एका सावकारानं माझ्यासमोर स्वतःच्या मोठ्या भावाला ओळखलं नव्हतं. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचो आणि खाली बसून अहवालात जे खरं तेच लिहायचो. मिरज, सांगली भागातले वकील म्हणायचे, मगदुमांचा अहवाल असला की उलटतपासणीला अर्थ नाही.

माझी बायको मी निवृत्त व्हायच्या आधी दोन वर्षं गेली. पद्मजा एकुलती एक. मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. तिचं लग्न इचलकरंजीच्या अजित चौगुलेशी झालं. तो यंत्रमागावर जॉबर होता, माग बिघडला की दुरुस्त करणारा. हाताला कसब होतं, पण डोकं गरम. कारखाना बंद पडला तसा तो घरी बसला, घरात कुरबुरी सुरू झाल्या, आणि चंदना पाच वर्षांची असताना पद्मजा तिला घेऊन माझ्याकडं आली. समजूत घालायला मी इचलकरंजीला गेलो तेव्हा अजित भर गल्लीत मला म्हणाला होता, "तुम्ही जन्मभर लोकांच्या घरातली भांडी बाहेर काढलीत. माझ्या घरात तुमचं काय काम?" गल्लीतली माणसं हसली होती. मी तसाच परत आलो.

दोन वर्षांनी ताब्याचा दावा सांगलीच्या कोर्टात उभा राहिला. अजितला तोवर दुसरीकडं काम लागलं होतं. दाव्याचा निकाल लागेपर्यंत चंदना आईकडं राहील आणि पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वडिलांकडं जाईल, असा आदेश झाला. घरी येऊन पद्मजा फक्त म्हणाली, "कोर्टानं सांगितलंय आण्णा. पाठवायचं."

पहिल्या रविवारी तिनं स्वतः चंदनाची पिशवी भरली. स्वेटर, पाण्याची बाटली, आणि एक चिठ्ठी, दुपारी जेवल्यावर तासभर झोपवा म्हणून. नेमकी पहिल्या आणि तिसऱ्या रविवारीच तिची ड्यूटी असायची, सकाळी आठ ते दुपारी चार. म्हणजे पोरीला बापाच्या हातात देणं माझ्याकडं आलं.

जूनमधले दोन्ही रविवार मी दिली. जुलैपासून दिली नाही.

ऑक्टोबरमध्ये मारुती दारात आला. मारुती माने, माझ्या जागी लागलेला बेलिफ. काम मीच शिकवलेलं. सायकल भिंतीला लावून तो ओशाळल्यासारखा उभा राहिला.

"आण्णा, पद्मजाताईंच्या नावानं नोटीस आहे. भेटीचा आदेश पाळला नाही म्हणून जावयांनी अर्ज दिलाय."

"ती ड्यूटीवर आहे."

"मग तुम्ही घ्या की. घरातला सज्ञान माणूस. तुम्हाला मी काय सांगायचं?"

मी सही केली. तारीखवार, नाव आणि नातं लिहून. मारुतीनं चहा घेतला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि गेला. ती नोटीस मी माझ्या जुन्या ट्रंकेत, नोकरीच्या कागदांखाली ठेवली. पद्मजा संध्याकाळी आली तेव्हा मी तिला भाजी चिरून दिली.

त्या तारखेला ती कोर्टात गेली नाही. पुढच्याही तारखेला नाही. तिला ठाऊकच नव्हतं.

डिसेंबरात एका दुपारी ती दीड वाजताच घरी आली. एप्रन तसाच अंगात. मारुतीनं या वेळी नोटीस घरी आणली नव्हती. कोर्टाचा हुकूम होता, व्यक्तिशः बजावायची. लॅबच्या खिडकीत नमुने घेऊन उभ्या राहिलेल्या पेशंटसमोर त्यानं तिला सही करायला लावली होती.

तिनं कागद माझ्यासमोर धरला. "वाचा."

मी चष्मा शोधू लागलो.

"तुम्हाला चष्मा लागत नाही असले कागद वाचायला. मीच सांगते. आदेशाचा भंग केल्याबद्दल मला दिवाणी कैदेत का ठेवू नये आणि मुलीचा ताबा का बदलू नये, याचं कारण मी येऊन दाखवायचंय. तो अकरा रविवार आला होता म्हणे. अकरा. तारखा दिल्यात. गिरणीवाल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलंय."

चष्मा शोधायचं मी थांबवलं.

"तुम्ही मला काय सांगत होता, आण्णा? संध्याकाळी आले की मी विचारायची, आला होता का. तुम्ही म्हणायचा, नाही आला. मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते. कोर्टातनं रविवार मागून घेतो आणि येत नाही म्हणून."

"तो तिला तिकडंच ठेवून घेईल अशी भीती वाटली मला," मी म्हटलं.

"आणि पहिली नोटीस? यात लिहिलंय, वडिलांनी स्वीकारली."

मी उठलो, ट्रंक उघडली आणि कागद काढून दिला. तिनं माझी सही बघितली. मग एप्रन काढून त्याची घडी घातली आणि म्हणाली, "चंदनाची शाळा सुटायची वेळ झाली. मी आणते."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या वकिलांकडं गेलो. पाटणे वकील मला चांगले ओळखत होते. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मार्ग एकच," ते म्हणाले. "आण्णांनी प्रतिज्ञापत्र करायचं. मुलीला मी अडवलं, नोटीस मी लपवली, पद्मजाला कल्पना नव्हती. कोर्ट आण्णांना फैलावर घेईल, काय कारवाई करायची ती करेल. पण पद्मजा सुटेल आणि ताबा बहुतेक टिकेल."

"नाही," पद्मजा म्हणाली.

"ताई, नीट विचार करा."

"आण्णांना त्या कोर्टात पिंजऱ्यात उभं करायचं नाही. एकतीस वर्षं त्यांनी तिथं मान खाली घातली नाही. माफी मी मागते. पहिलीच वेळ आहे, कोर्ट समजून घेईल."

पाटणे माझ्याकडं बघत होते. मी बोलावं म्हणून थांबले होते, हे मला कळत होतं. टेबलावर काचेखाली कुठल्याशा देवस्थानाचं कॅलेंडर होतं. मी ते वाचत बसलो.

सुनावणी जानेवारीत झाली. न्यायाधीश बाई होत्या, पन्नाशीच्या, आवाज हळू. मी मागच्या बाकावर बसलो होतो. शिपायापासून नाझरपर्यंत सगळ्यांनी येता-जाता मला नमस्कार केला. अजित पुढं त्याच्या वकिलाशेजारी होता. त्यानं मागं वळून बघितलं नाही.

पाटण्यांनी बिनशर्त माफी सादर केली. बाईंनी पद्मजालाच विचारलं.

"पहिली नोटीस तुमच्या वडिलांनी घेतली. ती तुम्हाला मिळाली होती का?"

"मिळाली होती, मॅडम."

"मग हजर का झाला नाहीत?"

"चूक झाली."

"मुलीला किती रविवार पाठवलं नाहीत?"

पद्मजा थबकली. तिनं पाटण्यांच्या हातातल्या कागदाकडं बघितलं. "अकरा," ती म्हणाली.

"कारण?"

"माझ्याच मनात राग होता. माझी चूक आहे."

मला उठता आलं असतं. कोर्टात कधी उठायचं, हात कसे ठेवायचे, काय म्हणायचं, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मॅडम, मला काही सांगायचंय, एवढंच म्हणायचं होतं. मी बाकाची कड धरून बसून राहिलो.

मग बाईंनी चंदनाला चेंबरमध्ये बोलावलं. एकटीला. पद्मजानं तिला निळा फ्रॉक घातला होता. ती शिपायाचं बोट धरून आत गेली आणि वीस मिनिटांनी बाहेर आली, हातात चॉकलेट होतं. ते तिनं खाल्लं नव्हतं.

बाई जागेवर येऊन बसल्या. थोडा वेळ काही लिहीत होत्या.

"मुलगी काय म्हणाली ते दोन्ही पक्षांनी ऐकावं," त्या म्हणाल्या. "वडील आवडतात का, असं मी विचारलं. ती म्हणाली, आवडतात, पण त्यांना मी आवडत नाही. का, तर ते येत नाहीत. ती रविवारी चांगला फ्रॉक घालून तयार होते. मग तिला शेजारी खेळायला पाठवतात. अकरा वाजता घरी बोलावतात आणि सांगतात, पप्पा आले नाहीत. मग ती फ्रॉक काढून ठेवते." त्यांनी पद्मजाकडं बघितलं. "हेही तुम्हीच सांगितलंत?"

पद्मजाला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं मी फक्त तिच्याशी खोटं बोललो. तिची पाठ मला दिसत होती. पदर तिनं खांद्यावरनं ओढून घेतला.

"हो," ती म्हणाली.

हे सगळं मी का केलं ते इथंच सांगतो. नंतर पुष्कळ लोकांना मी वेगवेगळं सांगितलं. गल्लीतला अपमान सांगितला, अजितचं गरम डोकं सांगितलं. पण खरं तसं नव्हतं. जूनमधल्या तिसऱ्या रविवारी चंदना परत आली ती बडबडतच. पप्पांनी माग दाखवला, धोटा कसा पळतो ते दाखवलं, आजीनं धपाटे केले. एरवी ती माझ्या मांडीवर गोष्ट ऐकल्याशिवाय झोपत नव्हती. त्या दिवशी जेवता जेवता तिचा डोळा लागला, आणि अंथरुणावर ठेवताना अर्धवट झोपेत तिनं मला विचारलं, "आजोबा, रविवार किती दिवसांनी येतो?" बायको गेल्यापासून त्या घरात माझी वाट बघणारी ती एकटीच होती. मी चौदा दिवस मोजले आणि ठरवलं.

बाईंनी आदेश सांगितला. "आदेश मोडल्याबद्दल मी तुम्हाला कैदेत पाठवू शकते. ते करत नाही, कारण त्याची शिक्षा या मुलीलाच होईल. पण ज्या घरात मुलीच्या मनातनं तिचा बाप पुसून काढला जातोय, तिथं मी तिला ठेवू शकत नाही. दाव्याचा निकाल लागेपर्यंत ताबा वडिलांकडं राहील. आईनं पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी दहा ते पाच भेटावं. आठ दिवसांत अंमलबजावणी व्हावी."

आठव्या दिवशी अजित रिक्षा घेऊन आला. सोबत मारुती होता, कोर्टाच्या वतीनं. पद्मजानं दोन पिशव्या भरल्या होत्या. चंदना रिक्षात बसेपर्यंत हसत होती, पप्पा आले म्हणून. आई चढत नाही हे लक्षात आल्यावर ती खाली उतरायला लागली. अजितनं तिला धरून ठेवलं. पद्मजा म्हणाली, "मी रविवारी येते, बाळा," आणि घरात निघून आली. मारुतीनं कट्ट्यावर बसून अहवाल लिहिला. साक्षीदार म्हणून सही कुणाची घ्यायची, असा त्याला प्रश्न पडला होता. मी केली.

तीन आठवडे मी झोपलो नाही म्हटलं तरी चालेल. मग पद्मजाला न सांगता पाटण्यांकडं गेलो.

"प्रतिज्ञापत्र करतो," मी म्हटलं. "सगळं लिहून देतो."

पाटण्यांनी खुर्ची मागं सरकवली. "आता काय उपयोग, आण्णा? तिनं भर कोर्टात सांगितलंय, नोटीस मिळाली, मीच अडवलं, मीच सांगितलं. आज तुम्ही उलटं लिहून दिलंत तर ती कोर्टाशी खोटं बोलली असं होईल. मुख्य दावा अजून चालायचाय. समोरचा वकील तिच्या एकाही शब्दावर मग विश्वास ठेवू देणार नाही."

"म्हणजे काहीच करता येणार नाही?"

"त्या दिवशी येत होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली. दावा चार वर्षं चालला. शेवटी दोघांनी तडजोड केली आणि चंदना शिक्षणापुरती वडिलांकडंच राहिली, सुट्ट्यांत आईकडं. पद्मजानं ताबा गेला त्याच वर्षी मिरजेची नोकरी सोडून इचलकरंजीत एका लॅबमध्ये काम धरलं, मुलीच्या शाळेजवळ एक खोली घेतली. रोज संध्याकाळी मला फोन करायची. गोळ्या घेतल्या का, दूधवाला आला का, पायाची सूज कशी आहे. त्या कोर्टाबद्दल एक शब्द तिनं मला कधी विचारला नाही. अजूनही विचारत नाही.

पण एका गुरुवारचं सांगायचं राहिलं. पाटण्यांकडं जाऊन आल्यावर दोनच दिवसांनी मी इचलकरंजीची बस धरली. अजितचं घर सापडायला वेळ लागला नाही. तो दुपारच्या पाळीला निघायच्या तयारीत होता. मला बघून थांबला. आत घेतलं, पाणी दिलं. चंदना शाळेतनं यायची होती.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. ताप, नोटीस, शेजारी खेळायला पाठवणं, सगळं. पद्मजाचा त्यात काही हात नव्हता, हे तीनदा सांगितलं.

अजितनं मधे तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "माहीत होतं मला."

"काय माहीत होतं?"

"पद्मजा असलं करणार नाही हे. पहिल्या रविवारी तिनं पिशवीत चिठ्ठी ठेवली होती, दुपारी झोपवा म्हणून. ते लिहिणारी बाई पोरगी लपवत नाही. आणि कोर्टात बाईंनी किती रविवार म्हणून विचारलं, तेव्हा तिला आकडा कागदात बघायला लागला. तेव्हा तर माझी खात्रीच पटली."

"मग तू का बोलला नाहीस?"

त्यानं डब्याची पिशवी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली. "बोललो असतो तर ताबा तिच्याकडंच राहिला असता, मामा. मला माझी पोरगी पाहिजे होती."

त्याच्यावर रागवायला माझ्याकडं काही शिल्लक नव्हतं.

तेवढ्यात चंदना आली. दप्तर पाठीवर, एक वेणी सुटलेली. मला बघून दारातच थांबली. पूर्वीसारखी धावत आली नाही. माझ्या मागं कुणी आहे का ते तिनं बघितलं.

"आई नाही आली?"

मी खाली बसलो, म्हणजे तिच्या डोळ्यांना डोळे भिडतील. गुडघे दुखत होते. "आज तिचा वार नाही, बाळा. रविवारी आहे. रविवारी येईल ती, नक्की."

तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग मान वळवली आणि अजितला विचारलं, "पप्पा, खरंच येणारे का?"

"हो," अजित म्हणाला. "येणारे."

मग तिनं दप्तर काढलं.